बंद पाट आणि बुजलेला चर

पाण्याची पाळी संपून नीरा डावा कालवा कोरडा पडला म्हणजे त्याच्या काठाने पायी हिंडण्यास बरा अवसर मिळतो. वडगाव निंबाळकर येथे आम्ही काही बागाईतदार मंडळी अशीच एके सकाळी रमतगमत निघालो. कालव्याच्या भरावावरून थोडे चालून पुढे निचऱ्याच्या एका जुन्या चराने आम्ही नीरेपर्यंत उतरलो. नदीपलीकडे फलटण तालुका.

कालव्याची खडान्‌खडा माहिती प्रत्येकास होती. भराव कोठे खचला, कोणते दार गळते, सर्व तोंडपाठ! चराची मात्र ओळखच पटेना. कोठे वेडी बाभूळ, कोठे पाणकणीस. दोन ठिकाणी तर बांध सरकत सरकत चर शेतातच जमा झालेला. कडेच्या काळ्या रानास मीठ फुटले होते व ऊस गुडघ्यावर चढला नव्हता.

हे दुखणे नवे नव्हे. या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास शिवारात आले आणि १९१० सालीच हॅरॉल्ड मॅन व ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर पुस्तिका प्रसिद्ध केली. पाझराने व अतिरिक्त भिजवणीने भूजल वर चढते. उन्हाने पाणी उडून जाते, क्षार मात्र वर राहतात. कालव्यास अस्तर असावे की नसावे, हा विहीरवाल्यांच्या जिव्हाळ्याचा वाद आम्ही येथे काढीत नाही. अस्तर घातले तरी शेतात सोडलेल्या पाण्यास वाट ही हवीच.

चोपण सुधारण्यास जिप्सम विकत आणणारे पुष्कळ आहेत. परंतु जिप्समचे काम मातीस चिकटलेला सोडियम सोडविण्यापुरतेच; तो धुऊन बाहेर नेणे हे पाण्याचे काम. चर बुजला असता तो जाणार कोठे? पैसा मातीत जातो एवढेच.

हे काम सरकारने करावे, असे आमच्यातील एकदोघे म्हणाले. मोठ्या ओढ्यांपुरते ते आम्हांस मान्य आहे. पण आपल्याच नांगराने पुरलेला चर मोकळा करण्यास पाटबंधारे खात्याची वाट पाहणे आम्हांस शोभत नाही. ज्याच्या रानातून चर जातो त्याने त्याची जागा सोडावी व वरच्या सर्वांनी खर्चाचा वाटा उचलावा, असे आमचे मत आहे. पुढील वेळी कालवा बंद होताच खोदाईस नदीकडील तोंडापासून आरंभ व्हावा. खालचे तोंड बंद ठेवून वरून खणीत आल्यास चर न होता डबकेच होते.