नवा जिल्हा हवा, की जिल्हा कार्यालय जवळ हवं?

दर काही महिन्यांनी एक यादी मोबाइलवर फिरू लागते. मालेगाव, उदगीर, अंबाजोगाई, किनवट, भुसावळ, अचलपूर, पुसद, खामगाव, चिमूर, अहेरी, महाड, माणदेश, शिवनेरी... ‘महाराष्ट्रात २० हून अधिक नवे जिल्हे होणार’ असं तिचं शीर्षक असतं आणि खाली एखादी तारीख, बहुधा १ मे किंवा २६ जानेवारी. तारीख येते आणि जाते, काहीच होत नाही. मग तीच यादी नव्या तारखेसह पुन्हा येते.

यादी खोटी असली तरी तिच्यामागची गरज खोटी नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी एका सुनावणीसाठी जाणाऱ्या माणसाचा दिवस बुडतो, मजुरी बुडते, कधी मुक्कामही पडतो. साहेब दौऱ्यावर असले तर पुढची तारीख मिळते आणि सगळा खर्च पुन्हा करावा लागतो. त्यामुळे ‘आमचा वेगळा जिल्हा करा’ ही मागणी समजण्यासारखी आहे. मात्र नवा जिल्हा केल्याने हा त्रास संपतो का, हे आपल्याकडे क्वचितच तपासलं जातं. आता ते तपासायला वेळही आहे. २०२७ च्या जनगणनेसाठी ३१ डिसेंबर २०२५ नंतर प्रशासकीय सीमा बदलू नयेत, असं केंद्राने राज्यांना कळवलं होतं. म्हणजे जनगणना होईपर्यंत नकाशा आहे तसाच राहणार.

जिल्हा कोण तयार करतं?

राज्यांच्या सीमा बदलायच्या तर राज्यघटनेच्या अनुच्छेद ३ नुसार संसदेला कायदा करावा लागतो. जिल्ह्याचं तसं नाही. तो पूर्णपणे राज्य सरकारच्या हातातला विषय आहे. आपल्याकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४ नुसार सरकार राजपत्रात अधिसूचना काढून जिल्हा, उपविभाग आणि तालुक्याच्या सीमा ठरवतं, बदलतं किंवा रद्दही करतं. आधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. विधानसभेत मतदान मात्र लागत नाही.

ही उतरंड अशी आहे : राज्यात ६ महसूल विभाग, ३६ जिल्हे, ३५८ तालुके. जिल्हा आणि तालुका यांच्यामध्ये उपविभाग, म्हणजे ज्याला आपण प्रांत कार्यालय म्हणतो ते. तालुक्याखाली मंडळ आणि त्याखाली तलाठ्याचा सजा. तलाठ्याचं पदनाम आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं असलं, तरी लोकांच्या तोंडी तलाठीच आहे.

या रचनेचं मूळ सारावसुलीत आहे. इंग्रजांनी १७७२ मध्ये बंगालमध्ये ‘कलेक्टर’ नेमले ते नावाप्रमाणे वसुलीसाठी. सीमा आखताना महसूल किती आणि तो गोळा कसा होईल हे पाहिलं गेलं. दूरच्या पाड्यावरचा माणूस दाखल्यासाठी कसा येईल, हा त्या आखणीतला प्रश्नच नव्हता. कामं बदलली, पण जिल्ह्यांचे ढोबळ आकार बऱ्याच ठिकाणी तेच राहिले.

२६ चे ३६ कसे झाले?

१ मे १९६० रोजी महाराष्ट्रात २६ जिल्हे होते. १९८१ मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग आणि औरंगाबादमधून जालना वेगळे झाले. १९८२ मध्ये उस्मानाबादमधून लातूर आणि चंद्रपूरमधून गडचिरोली. १९९० मध्ये मुंबई उपनगर. १९९८ मध्ये अकोल्यातून वाशिम आणि धुळ्यातून नंदुरबार. १९९९ मध्ये परभणीतून हिंगोली आणि भंडाऱ्यातून गोंदिया. शेवटचा पालघर, १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून.

फक्त आकडे पाहिले तर आणखी विभाजनाची बाजू भक्कम दिसते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी. म्हणजे एका जिल्ह्यामागे सरासरी ३१ लाख. तेलंगणात आजच्या ३३ जिल्ह्यांमागे हीच सरासरी साडेदहा लाखांच्या आसपास येते. पण सरासरी इथे फसवते. पुणे जिल्ह्यात त्या जनगणनेत ९४ लाख लोक होते, सिंधुदुर्गात साडेआठ लाख. गडचिरोलीत लोक जेमतेम पावणेअकरा लाख, पण क्षेत्र १४ हजार चौरस किलोमीटरहून जास्त. पुण्यात अडचण गर्दीची आहे, गडचिरोलीत अंतराची. दोन्हींना एकच औषध कसं चालेल?

नवा जिल्हा झाल्यावर काय मिळतं?

जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, जिल्हा परिषद आणि तिचे मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक, कृषी अधीक्षक, कोषागार, जात पडताळणी समिती, जिल्हा नियोजन समिती आणि पालकमंत्री. शिवाय सरकारच्या अनेक योजना ‘जिल्ह्याला एक’ या हिशेबाने चालतात. नवोदय विद्यालय असो की शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जिल्हा वेगळा झाला की त्या रांगेत हक्काची जागा मिळते. नंदुरबारला वैद्यकीय महाविद्यालय मिळालं, गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठाचं मुख्यालय मिळालं, सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. रत्नागिरी, धुळे किंवा चंद्रपूरचं शेपूट म्हणून राहिले असते, तर या भागांकडे इतकं लक्ष गेलं असतं का, याची शंकाच आहे. विभाजनाचा हा फायदा नाकारण्यात अर्थ नाही.

आणि काय मिळत नाही?

नीती आयोगाने २०१८ मध्ये देशातल्या मागे राहिलेल्या जिल्ह्यांची ‘आकांक्षित जिल्हे’ म्हणून निवड केली. त्यात महाराष्ट्रातले चार होते : गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव. यातले पहिले तीन विभाजनातून जन्मलेले, तर चौथ्यातून लातूर वेगळा झालेला. विभाजनामुळे हे जिल्हे मागे पडले, असा याचा अर्थ नाही. ते भाग आधीपासूनच दुर्लक्षित होते. पण पाटी बदलून वीस-पंचवीस वर्षं झाल्यानंतरही ते या यादीत असतील, तर केवळ पाटीने विकास होत नाही एवढं तरी मान्य करावं लागेल.

अंतराचंही तसंच. गडचिरोली जिल्हा झाला, पण तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्याहून गडचिरोली शहर आजही सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं, मग मुख्यालय कुठेही असलं तरी काय उपयोग? गंमत म्हणजे इंग्रजी अमलात सिरोंचा हेच एका जिल्ह्याचं मुख्यालय होतं. त्या अप्पर गोदावरी जिल्ह्याचा सिरोंचा भाग १८७४ मध्ये चांदा जिल्ह्यात विलीन झाला. दीडशे वर्षांपूर्वी मुख्यालय असलेलं गाव आज जिल्ह्याचं शेवटचं टोक आहे.

पालघरचं उदाहरण तर अगदी ताजं. जिल्हा करावा यासाठी सर्वांत मोठं कारण दिलं जायचं ते जव्हार, मोखाडा, विक्रमगड या आदिवासी भागाचं. मुख्यालय जव्हारला व्हावं अशी मागणीही होती. ते झालं रेल्वेमार्गावरच्या पालघरला. मोखाड्याहून पालघर अजूनही शंभर किलोमीटरच्या घरात आहे. मुख्यालयाची इमारत सुरू व्हायला २०२१ उजाडलं.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जिल्हा फुटला म्हणून सगळंच फुटत नाही. वाशिमच्या शेतकऱ्याची जिल्हा बँक अकोल्याचीच आहे, हिंगोलीकरांची परभणीची, पालघरची ठाण्याची. हिंगोली लोकसभा मतदारसंघात नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांतलेही भाग येतात. मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय ठाणे आणि पालघर अशा दोन जिल्ह्यांत पसरलेलं आहे. पीककर्जासाठी होणारी पायपीट नवा जिल्हाधिकारी आल्याने कमी होईलच, असं नाही.

शिवाय पैशाचा हिशेब. जिल्हा वाढला म्हणून राज्याची तिजोरी वाढत नाही. आहे त्याच पैशातून नवी कार्यालयं, निवासस्थानं, गाड्या आणि पगार भागवायचे असतात. आणि पदं मंजूर झाली तरी ती भरली नाहीत, तर जुन्या जिल्ह्यातली माणसं ‘अतिरिक्त कार्यभार’ घेऊन दोन्हीकडे धावतात.

राजस्थानने काय केलं?

२०२३ मध्ये विधानसभा निवडणुकीच्या काही महिने आधी राजस्थानात जिल्ह्यांची संख्या ३३ वरून एकदम ५० केली गेली. सरकार बदललं. डिसेंबर २०२४ मध्ये नव्या सरकारने त्यातले ९ जिल्हे आणि ३ विभाग रद्द केले. आज तिथे ४१ जिल्हे आहेत. दूदू, केकडी, सांचौर, अनूपगड ही गावं दीडेक वर्ष जिल्ह्याची ठिकाणं होती, मग पुन्हा पूर्ववत झाली. तिथे आंदोलनं झाली आणि ती होणारच होती. आधी दिलेलं काढून घेतलं की लोकांना ते मुळात न दिल्यापेक्षा जास्त लागतं.

आसामनेही डिसेंबर २०२२ च्या शेवटी मतदारसंघ पुनर्रचनेच्या तोंडावर चार जिल्हे शेजारच्या जिल्ह्यांत विलीन केले आणि पुढच्याच वर्षी ते पुन्हा वेगळे केले. अधिसूचनेने होणारी गोष्ट अधिसूचनेनेच जाते. लिखित निकष नसले की नकाशा राजकीय सोयीने हलतो.

खरं भांडण मुख्यालयाचं

महाराष्ट्रात निर्णय अडतो तो विभाजनावर नाही, तर मुख्यालयावर. अहिल्यानगर हा राज्यातला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा. १४ तालुके, १७ हजार चौरस किलोमीटर. अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकावरून जिल्ह्याचं ठिकाण दीडशे किलोमीटरच्या घरात जातं. विभाजन हवं, यावर तिथे फारसा वाद नाही. पण मुख्यालय संगमनेर, श्रीरामपूर की शिर्डी, या प्रश्नावर कित्येक वर्षं गाडी अडली आहे. कारण उघड आहे. मुख्यालय आलं की कार्यालयं येतात, बाजारपेठ वाढते, जमिनीचे भाव चढतात आणि स्थानिक नेत्याचं वजनही वाढतं. या सगळ्यात अकोल्यातल्या डोंगराळ गावाला कुठलं ठिकाण सोयीचं, हा मुद्दा शेवटी येतो. तो पहिला असायला हवा.

मग काय करायला हवं?

नवे जिल्हे करूच नयेत, असं म्हणणं चुकीचं ठरेल. काही ठिकाणी ते गरजेचेच आहेत. पण क्रम बदलायला हवा.

पहिलं, निकष आधी लिहून जाहीर करावेत. लोकसंख्या आणि क्षेत्रफळ हवंच, पण त्याआधी प्रवासाचा वेळ हवा. शेवटच्या गावातून एसटीने निघालेला माणूस काम करून त्याच दिवशी घरी परततो का? जिथे परतत नाही, तिथे विभाजनाचा दावा सर्वांत पक्का. मुख्यालयही याच कसोटीवर ठरावं.

दुसरं, अपर जिल्हाधिकारी कार्यालयांना खरे अधिकार द्यावेत. जव्हार, मालेगाव, अंबाजोगाई, अहेरी इथे अशी कार्यालयं आहेत. शिर्डीसाठीही २०२३ मध्ये निर्णय झाला. फेरफाराचा वाद तहसीलदाराकडून प्रांताकडे आणि तिथून जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. त्या टप्प्यावरची सुनावणी अपर जिल्हाधिकाऱ्याने आपल्याच ठिकाणी घेतली, तर मोखाड्याच्या माणसाला समुद्रकाठापर्यंत जावं लागणार नाही. जात पडताळणी समिती, भूमी अभिलेख आणि दिव्यांग प्रमाणपत्रासाठीच्या वैद्यकीय मंडळानेही तिथे ठरलेल्या वारी बसावं. वार ठरलेला आणि पाळलेला, हे महत्त्वाचं.

तिसरं, खालचा थर भरावा. लोकांची बहुतेक कामं जिल्ह्यात नसतातच. सातबारा तलाठ्याकडे, उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराकडे, जातीचा दाखला प्रांताकडे, मोजणी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात. २०१७ मध्ये राज्याने ३ हजारांहून जास्त नवे तलाठी सजे मंजूर केले. गावाच्या दृष्टीने तो निर्णय नव्या जिल्ह्याइतकाच मोठा होता, पण त्याची यादी कुणी फॉरवर्ड केली नाही. एका तलाठ्याकडे दोन-तीन सजे असतील, तर जिल्हा कितीही लहान करा, त्याच्या बंद दाराशी माणूस थांबलेलाच राहील.

जनगणनेमुळे नकाशा थांबला आहे, पण ही तीन कामं थांबण्याचं कारण नाही. त्यांना सीमा बदलावी लागत नाही. जनगणनेचे नवे आकडे येतील तेव्हा निकष तयार असतील, तर विभाजनाची चर्चा नेत्यांच्या वजनावर न होता गावांच्या अंतरावर होईल.

तोवर मोबाइलवर पुन्हा यादी आली, तर त्यात आपल्या तालुक्याचं नाव आहे का एवढंच पाहू नका. आपल्या भागात आलेल्या आमदाराला विचारा : अपर जिल्हाधिकाऱ्यांची सुनावणी आमच्याकडे कोणत्या वारी होते, आणि आमच्या सज्याला पूर्णवेळ तलाठी कधी मिळणार? या दोन प्रश्नांची उत्तरं नव्या जिल्ह्याच्या घोषणेपेक्षा लवकर देता येतात. म्हणूनच ती मागायला हवीत.