मॉनिटर गेला नव्हता

घरात दुसरा मॉनिटर म्हटला की आपल्याकडे अजून लोकांच्या भुवया वर जातात. शेअर बाजारवाले, नाहीतर रात्रभर गेम खेळणारी पोरं, यांचे ते चोचले असा एकूण सूर. मला हे अजिबात पटत नाही. पूर्वी छापखान्यात मुद्रितं तपासायला दोघं बसायची पद्धत होती. एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा, दुसरा प्रूफावर नजर ठेवून चुका टिपायचा. आता तेच काम घरी बसून एकटीने करणाऱ्या बाईला एका पडद्यावर मूळ पान आणि दुसऱ्यावर टाईप केलेला मजकूर हवा असेल तर त्यात चैन कसली? एकाच पडद्यावर दोन खिडक्या आलटून पालटून बघायच्या म्हणजे दर वेळी ओळ हरवते. आणि ओळ हरवली की वेळ जातो, डोळे जातात ते वेगळंच.

ही बाई म्हणजे आमच्या वहिनी. मिरजेला असतात. जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पानांवरून मशीन मजकूर ओळखतं, आणि ओळखताना जी काय माती खातं ती वहिनी निस्तरतात. पैसे पानामागे मिळतात. किती ते लिहीत नाही, वहिनी हे वाचणार आहेत :)

तर त्यांच्याकडे चोवीस इंची नवा मॉनिटर आहे. त्याच्या शेजारी दादाच्या ऑफिसने काढून टाकलेला जुना एकोणीस इंची, जवळजवळ चौकोनी, लावायचा होता. जुना मॉनिटर उगाच नाही निवडला. त्याचा पडदा १२८० बाय १०२४ ठिपक्यांचा असतो, म्हणजे रुंदीच्या मानाने उंची जास्त. पुस्तकाचं पान त्यावर हल्लीच्या लांबुळक्या पडद्यापेक्षा बरं बसतं. दुकानातला मुलगा आला, निळ्या टोकाची वायर लावली, पडदा काळाच. त्याने पाच मिनिटांत निकाल दिला, "काकू, मॉनिटर गेला. असले आता कोण वापरतं? साडेआठ हजारात नवीन बसवून देतो." वहिनींची दोन महिन्यांची पानं त्यातच गेली असती.

रात्री त्यांचा फोन आला. "भाऊजी, पडदा काळा आहे, पण मधे एक चौकोन फिरतोय. त्यात 'नो सिग्नल' लिहिलंय."

मंडळी, इथे थांबा. मेलेला मॉनिटर "नो सिग्नल" असं लिहू शकत नाही. ती अक्षरं दिसतात याचा अर्थ आतला दिवा लागतोय, पॅनल चालतंय, आणि मॉनिटर ओरडून सांगतोय की बाबांनो मी जागा आहे, माझ्याकडे कुणी काही पाठवत नाहीये. माझा सगळा राग आहे तो इथे. त्या मुलाने पडद्यावर लिहिलेलं वाचलं असतं तरी पुरे होतं.

मग फोनवरच एक साधी परीक्षा केली. वहिनींना म्हटलं, नवा मॉनिटर, जो चालतोय, त्याची वायर आहे तिथून काढा आणि जुना मॉनिटर जिथे लावला होता त्याच्या शेजारच्या एचडीएमआयमध्ये लावा. लावली. नवा मॉनिटरही काळा! तोही म्हणाला नो सिग्नल. आता काही कोणी म्हणणार नाही की दोन्ही मॉनिटर एकाच संध्याकाळी गेले.

झालं होतं ते असं. डब्याच्या मागे पडदा जोडायच्या जागा दोन ठिकाणी असतात. वरच्या बाजूला, माऊस-कीबोर्डच्या शेजारी, मदरबोर्डच्या. आणि खाली आडव्या पट्टीत ग्राफिक्स कार्डाच्या. वरच्या जागा चालायला प्रोसेसरच्या पोटात चित्र काढायची सोय असावी लागते. वहिनींच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी इंग्रजी "एफ" आहे. इंटेलच्या त्या पिढीत त्या एका अक्षराचा अर्थ असा की ही सोय यात नाही, म्हणून तो थोडा स्वस्त. म्हणजे वरची भोकं नुसती शोभेची. वायर बसते, स्क्रू पण फिरतात, आणि त्यातून काहीही येत नाही. (सोय असली तरी कार्ड बसवलं की पुष्कळ मशीनमध्ये वरच्या जागा बायोसमधून बंद असतात. तिथे जाऊन चालू कराव्या लागतात.)

खालच्या कार्डावर एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट आणि डीव्हीआय अशा तीन जागा होत्या. निळी वायर म्हणजे व्हीजीए, १९८७ ची, आयबीएमच्या पीएस/२ मशीनबरोबर आलेली. तिला डीव्हीआयचं टोक लावून देणारा छोटा जोड बाजारात मिळतो, पण तो इथे बसलाच नसता. डीव्हीआयच्या चपट्या पट्टीभोवती चार बारीक भोकं असतील तरच त्यातून जुन्या पद्धतीचा सिग्नल निघतो. हे होतं डीव्हीआय-डी, ज्यात ती चार भोकंच नसतात. पण जुन्या मॉनिटरच्या मागे निळ्या जागेशेजारी पांढरी डीव्हीआयची जागाही होती, धुळीने भरलेली. साडेतीनशे रुपयांची सरळ डीव्हीआय वायर मागवली. तिसऱ्या दिवशी मॉनिटर लागला.

पुढचं किरकोळ. विंडोज आणि पी एकत्र दाबून "एक्स्टेंड" निवडायचं, नाहीतर दोन्हीकडे तेच चित्र दिसतं. मग डिस्प्ले सेटिंगमध्ये ते दोन चौकोन टेबलावर जसे आहेत तसे ओढून ठेवायचे. जुना मॉनिटर डावीकडे असून चौकोन उजवीकडे राहिला तर माऊस भिंतीवर डोकं आपटत बसतो. दादाने उत्साहाने पडदा उभा फिरवूनही पाहिला. जुन्या स्वस्त पॅनलचा एक दोष असतो, वरून-खालून बघितलं की रंग बदलतात. उभा केला की तोच दोष डावी-उजवीकडे येतो. वहिनी म्हणाल्या, अर्धं पान उन्हात पडल्यासारखं दिसतंय. पुन्हा आडवा केला. असो.

आता मुद्दा. यात बिघडलेलं काहीच नव्हतं. मॉनिटर धड, कार्ड धड, डबा धड. अडलं होतं ते सांध्यात. आणि माझं मत असं आहे की सांध्यांची ही भानगड दिवसेंदिवस वाढते आहे, कारण आता आकारावरून काही कळतच नाही. व्हीजीएच्या काळात निळ्यात निळं गेलं की चित्र यायचं. आज यूएसबी-सी घ्या. त्या एकाच भोकातून काही लॅपटॉपवर पडदा चालतो, काहींवर फक्त चार्जिंग आणि फाईली. दिसायला सगळी सारखी. एचडीएमआयचं तर विचारूच नका. २०२१ च्या शेवटी उघड झालं की नियमाप्रमाणे खोक्यावर २.१ लिहायला त्या आवृत्तीतली एकही नवी गोष्ट आत असायला हवी असं नाही, त्या ऐच्छिक आहेत. कंपनीने तपशील सांगावा अशी अपेक्षा आहे म्हणे! किराणा दुकानात कुणी असं केलं तर आपण गप्प बसू का? पिशवीवर बासमती, आत काय ते वाण्याला विचारा.

पण एकट्या कंपन्यांना आणि त्या दुकानातल्या मुलाला शिव्या देऊन मी मोकळा होणार नाही. त्याला त्या फेरीचे किती मिळाले माहीत आहे? शून्य. वस्तू विकली तर त्यात त्याचं काहीतरी सुटणार, नुसतं बघून "तुमचं सगळं ठीक आहे, वायर बदला" म्हटलं तर हात हलवत परत. दोनशे रुपये व्हिजिट मागितली की आपणच म्हणतो, नुसतं बघायचे दोनशे? आणि साडेआठ हजारांचं खोकं मात्र निमूट घेतो. बघण्याचे पैसे द्यायचे नाहीत असं ठरवलं की समोरचा बघणार तरी कशाला? दादाशी यावरून माझं वाजलं. त्याचं म्हणणं, दोनशे देऊनही त्याने हेच सांगितलं असतं. असेलही. म्हणून माझी मागणी एवढीच की पैसे द्यावेत, आणि चिठ्ठीवर लिहून घ्यावं: कुठली वस्तू कशाशी बदलून पाहिली. चालता मॉनिटर त्या जागी लावला का? दुसरी वायर लावली का? एका वेळी एकच गोष्ट बदलली का? हे लिहायला लागलं की "गेला" हा शब्द इतक्या सहज तोंडातून निघत नाही.

आमच्या मावसभावाने परवा विचारलं, माझ्या लॅपटॉपला बाहेरचे दोन पडदे लागतील का. त्याच्याकडे २०२० चा एम१ मॅकबुक एअर आहे. त्याला अॅपल स्वतःच बाहेरचा एकच पडदा चालेल असं सांगतं. एका वायरीतून दोन पडदे काढणारा साधा डॉक घेतलास तर दोघांवर तेच चित्र येईल. डिस्प्लेलिंक नावाच्या चिपचा डॉक असतो, त्यात वेगळं सॉफ्टवेअर टाकून दुसरा पडदा मिळतो, पण तो महाग पडतो. तेव्हा अमितदादा-सुमितदादा कुणीही दुकानात "सगळं चालतं" म्हणाले तरी पैसे देण्याआधी तुझा लॅपटॉप तिथे नेऊन, त्यांच्याच दोन मॉनिटरना जोडून, डोळ्यांनी बघ. नाही म्हणाले तर पुढचं दुकान.