बसतंय म्हणजे जमतंय?

"चालेल रे, इंजिन एकच आहे!" आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये हे वाक्य रोज ऐकू येतं. मित्रांनो, मी कॉन्व्हेंटवाला, माझं मराठी जरा सांभाळून घ्या. पण या वाक्यावर मला बोलायचंच आहे. कारण ते मीही बोललो होतो...

बाबांची जुनी बजाज चेतक मी ऐरोलीला आणली. पिस्टन झिजलेला. एका मित्राकडे एल.एम.एल. वेस्पाचा नवा पिस्टन पडून होता. दोघींचं माहेर एकच, इटलीची वेस्पा! बजाजने १९६० च्या दशकात पियाजिओच्या परवान्यावर वेस्पा बनवली आणि करार संपल्यावर १९७२ मध्ये चेतक आणली. कानपूरच्या एल.एम.एल.ने १९८० च्या दशकात पुन्हा पियाजिओशीच हातमिळवणी केली. स्ट्रोक दोन्हींचा ५७ मि.मी.; बोअर चेतकचा ५७, एल.एम.एल. १५० चा ५७.८. म्हटलं, सिलिंडर बोअर करून घेऊ. घेतला. पिस्टन बसला की!

दोन दिवस झकास. तिसऱ्या दिवशी मुलुंड-ऐरोली पुलावर इंजिन जाम, मागचं चाक लॉक! मागे रूममेट बसलेला. क्लच दाबला म्हणून वाचलो.

चूक माझीच. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. तापमान १०० अंशांनी वाढलं तर एवढ्या पिस्टनमध्ये हा फरक केसाच्या जाडीइतका होतो. तेवढी फट ठेवली आहे का, हे मी मोजलंच नव्हतं. गजन पिन, पोर्टची जागा, रिंगची तोंडं... काहीच तपासलं नव्हतं.

"माझी तर ॲक्टिव्हा आहे, मला काय त्याचं?" थांबा! ॲक्टिव्हा फाइव्ह-जी १०९.१९ सी.सी., बोअर ५० मि.मी. २०२० साली आलेली सिक्स-जी १०९.५१ सी.सी., बोअर ४७! नाव तेच, दोन्ही '११०'च, पण पिस्टन तीन मि.मी.ने लहान. म्हणजे नावावर जाऊ नका, सी.सी.वर तर नकोच. पार्ट नंबर जुळवा. तो नसेल तर मोजा.

आणि मोजायचं शिकलोय ना आपण? मेट्रॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला मायक्रोमीटर हातात धरतो आणि रीडिंग मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवतो! सरांना एकच विनंती : महिन्यातून एक शनिवार लॅब आमच्या गाड्यांसाठी उघडा. जुने पार्ट आम्ही आणू, मोजू, एका वहीत मापं लिहून ठेवू. पुढच्या बॅचने उतरवायचंच असेल, तर निदान खरं काहीतरी उतरवेल.

तोवर कुणी "चालेल रे" म्हणालं, की एवढंच विचारा, "मोजलंस का?"

– टी.ई. मेकॅनिकल