पांघरूण बाजूला करून पाहा

शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात मी काही वर्षे दर पंधरवड्याला तपासणीसाठी जात असे. आधी ऑफिसात चहा, मग खोल्यांतून एक फेरी, रक्तदाब, नाडी, औषधांची चिठ्ठी आणि शेवटी रजिस्टरवर सही. ‘प्रकृती ठीक’ हे शब्द मी किती वेळा लिहिले असतील याची मोजदाद नाही. एका एप्रिलमध्ये, अर्धांगामुळे अंथरुणाला खिळलेल्या एका आजींना ताप आल्याचा निरोप आला. घसा पाहिला, छाती तपासली, कारण सापडेना. पण वास येत होता. मावशींच्या मदतीने आजींना कुशीवर वळवले तेव्हा माकडहाडावर तळहाताएवढी जखम दिसली, पार हाडापर्यंत गेलेली. ती एकदोन दिवसांतली नव्हती. आणि पंधरा दिवसांपूर्वी त्याच खाटेशेजारी उभे राहून मी ‘प्रकृती ठीक’ लिहिले होते.

आजींना कोणी मारले नव्हते, शिवी दिली नव्हती. त्यांना फक्त वेळच्या वेळी कुशीवर वळवले नव्हते.

वृद्धांचा छळ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर मारहाण येते. प्रत्यक्षात वृद्धाश्रमात, रुग्णालयात किंवा घरी ठेवलेल्या आयाच्या हाती जो छळ होतो तो बहुधा आवाज न करणारा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा अशा संस्थांतील दर तीन कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी गेल्या वर्षभरात आपल्याकडून वृद्धांशी गैरवर्तन झाल्याची स्वतःच कबुली दिली होती. आपल्याकडची माणसे काही निराळ्या मातीची नाहीत.

२०११ च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेले सुमारे साडेदहा कोटी लोक होते. आपल्या नाशकात सातपूर-अंबडच्या कारखान्यांत उमेदीची वर्षे घालवलेली पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. मुले पुण्या-मुंबईला, कोणाची परदेशी. आईवडिलांना आश्रमात ठेवणे किंवा माणूस लावणे यात पाप नाही. पुष्कळदा तोच शहाणपणाचा मार्ग असतो. पण ठेवले म्हणजे पाहण्याची जबाबदारी संपली असे नाही.

मग पाहायचे काय?

पहिली पाठ, कंबर आणि टाचा. लाल झालेली जागा बोटाने दाबून पाहावी. दाबल्यावर लाली क्षणभर जात नसेल, तर ती जखमेची सुरुवात समजावी. सावळ्या अंगावर ती जागा काळसर दिसते, हाताला गरम किंवा कडक लागते. स्वतः वळू न शकणाऱ्या रुग्णाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, रात्रीसुद्धा.

दुसरी जीभ. ती कोरडी असेल, लघवी गडद होत असेल, तर पाणी कमी पडते आहे. त्या आजींची जीभ लाकडासारखी झाली होती. एकान्तात विचारले तेव्हा म्हणाल्या, “संध्याकाळनंतर पाणी मागायचं नाही डॉक्टर. अंथरूण ओलं झालं की मावशी रागावतात.” नाशिकच्या उन्हाळ्यात!

तिसरी गोष्ट सुस्ती. बोलका माणूस एकाएकी दिवसभर पेंगू लागला तर कोणती गोळी, कोणाच्या चिठ्ठीवरून चालू आहे ते विचारा. रात्र शांत जावी म्हणून झोपेची गोळी देणे हे औषध नव्हे, ते बांधून ठेवणेच आहे. मनगटावर वळ, दंडावर बोटांचे ठसे, हेही पाहा. चष्मा, कवळी, कानाचे यंत्र जागेवर आहे की कपाटात, तेही पाहा. आणि उत्तर देण्याआधी आजोबा मावशीकडे बघतात का, इकडे विशेष लक्ष द्या.

एक सावधगिरी मात्र हवी. म्हातारपणी कातडी पातळ होते; रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर साध्या धक्क्यानेही हात काळानिळा होतो. अर्धांग किंवा स्मृतिभ्रंश असलेला रुग्ण उत्तम सेवेतही खंगतो. म्हणून एका डागावरून कोणाला गुन्हेगार ठरवू नये. पण कारण विचारावे, आणि दर वेळी निराळे कारण मिळाले तर सावध व्हावे.

त्या आश्रमात रात्री बावीस जणांमागे एकच मावशी होती. तिने दर दोन तासांनी कोणाकोणाची कूस बदलायची? तिच्यावर ओरडून मी मोकळा झालो असतो, पण दोष व्यवस्थापनाचा होता, सहा महिन्यांत एकदाही न फिरकलेल्या नातलगांचा होता, आणि न पाहता सही करणाऱ्या डॉक्टरचाही होता. म्हणून आश्रम निवडताना फरशी आणि बाग पाहू नका. रात्री किती माणसे कामावर असतात ते विचारा. भेटीला न कळवता जा, कधी जेवणाच्या वेळी, कधी संध्याकाळी.

शंका आली तर भांडण नंतर, उपचार आधी. डॉक्टरांना पाठ उघडून दाखवा आणि जखमेचे माप तारखेसह लिहून घ्या. वृद्धाशी एकट्याने बोला. “इथूनही काढलं तर कुठे जाऊ?” ही भीती त्यांच्या मनात असते, तेव्हा आधी धीर द्या. मग व्यवस्थापकांना लेखी कळवा, पोच घ्या. सुधारणा नसेल तर समाजकल्याण कार्यालयाकडे तक्रार करा किंवा ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या मोफत क्रमांकावर मार्गदर्शन घ्या. जिवाला धोका वाटला तर ११२. आणि नातलगांनी हेही लक्षात ठेवावे, की ज्येष्ठ नागरिकाला कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कोठेही सोडणे हा २००७ च्या कायद्याने गुन्हा आहे; तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

आजींची जखम भरायला चार महिने लागले. मी बोललो, लिहून दिले, तेव्हा कुठे रात्रीला दुसरी मावशी आली. अजूनही मी आश्रमांत जातो. आता चहा शेवटी घेतो, आधी पांघरूण बाजूला करून पाठ पाहतो.

तुमचे कोणी असे कोठे असेल, तर या रविवारी जाऊन या. फळे नेली नाहीत तरी चालेल, पाठ तेवढी पाहून या.