वारीला बंदी, सभेला परवानगी : पंढरपूरहून खुले पत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, मा. उपमुख्यमंत्री आणि मा. विरोधी पक्षनेते,
महाराष्ट्र राज्य

आषाढी झाली. शासकीय महापूजाही झाली. 10 मानाच्या पालख्या एसटीतून आल्या, प्रत्येकीला 2 गाड्या आणि गाडीत मोजकेच वारकरी. ज्या गावात आषाढीला दहा-बारा लाख माणूस येतो तिथे संचारबंदी होती आणि आम्ही गावकरी दारं लावून घरात बसलो. पायी निघालेल्या कीर्तनकार बंडातात्या कराडकरांना पोलिसांनी ताब्यात घेतलं.

हे चुकलं असं मी म्हणत नाही. कोरोनाच्या साथीत गर्दी नको, हे पंढरपूरला कुणी शिकवायला नको. मार्च 2020 मध्ये देवाचं दार बंद झालं तेव्हा आम्ही हूं की चूं केलं नाही. त्यानंतर चैत्री, आषाढी, कार्तिकी, माघी, पुन्हा चैत्री आणि आता पुन्हा आषाढी, अशा ओळीने सहा वाऱ्या बुडाल्या. माझं दुकान प्रासादिक साहित्याचं आहे. चुरमुरे, बत्तासे, कुंकू, बुक्का, तुळशीच्या माळा विकतो. आमचं वर्ष वारीवर चालतं. फुलवाले, टांगेवाले, मठ-धर्मशाळांत राबणाऱ्या बायका, चंद्रभागेतले नावाडी, सगळ्यांचं तेच. मदतीसाठी अर्ज दिले. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. तरी तेही बाजूला ठेवतो.

मला विचारायचं आहे ते यंदाच्या एप्रिलबद्दल. तिघांना एकत्र विचारतो, कारण नियम सरकारने केले आणि मोडले दोन्ही बाजूंनी.

आमचे आमदार भारत भालके 28 नोव्हेंबर 2020 ला गेले. कोरोना होऊन गेल्यानंतरच्या आजारपणात गेले. त्यांच्या पंढरपूर-मंगळवेढ्याच्या जागेसाठी पोटनिवडणूक लागली आणि जी साथ आमच्या आमदाराला घेऊन गेली होती, तिच्याच दुसऱ्या लाटेत तुम्ही आमच्या गावात सभा घेतल्या. उपमुख्यमंत्री अजित पवार आले, जयंत पाटील आले, देवेंद्र फडणवीस आले. त्या सभांची छायाचित्रं तुमच्याच कार्यकर्त्यांनी अभिमानाने फिरवली. खुर्चीला खुर्ची लागलेली, मास्क हनुवटीवर आणि व्यासपीठावर पाय ठेवायला जागा नाही.

तुमच्याच सरकारचा एप्रिलचा आदेश काढून बघा. अंत्यविधीला 20 माणसं. लग्नाला 25, आणि पुढे तर तेही 2 तासांत उरकायचं, नाही तर 50 हजार दंड. मास्क नसेल तर 500 रुपये. निवडणूक असलेल्या जिल्ह्यात मात्र जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने मैदानावर 200 माणसांची सभा चालेल! मेलेल्या बापाला खांदा द्यायला 20 आणि पुढाऱ्याचं भाषण ऐकायला 200, हा हिशेब कुठल्या डॉक्टरने मांडला ते आम्हाला सांगा. आणि ते 200 तरी कुणी मोजले? उपमुख्यमंत्र्यांच्या सभेच्या गर्दीवरून गुन्हा दाखल झाला तो आयोजकांवर. ज्यांना ऐकायला गर्दी आली होती, त्यांना हातही लागला नाही.

14 एप्रिलच्या रात्री 8 वाजता सगळ्या राज्यात कडक निर्बंध लागले. पंढरपूर-मंगळवेढ्याला मात्र मतदान होईपर्यंत सवलत, असं खुद्द मुख्यमंत्र्यांनी सांगितलं. 17 एप्रिलला आम्ही रांगा लावून मत दिलं. त्या एका दिवसात महाराष्ट्रात 67 हजारांहून जास्त नवे रुग्ण सापडले आणि 400 हून अधिक माणसं मेल्याची नोंद झाली. मतदान संपलं आणि सवलतही संपली. 23 एप्रिलला चैत्री एकादशी होती. सहा दिवसांपूर्वी मतदारासाठी उघडं असलेलं गाव वारकऱ्यासाठी बंद होतं. निवडणुकीच्या कामावरून आलेले शिक्षक आजारी पडले, काहींच्या घरी माणसं गेली, त्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. निवडणूक आयोगाने विजयी मिरवणुकांवर बंदी घातली ती 27 एप्रिलला, म्हणजे आमच्या गावात सभा होऊन, मतदान होऊन दहा दिवस उलटल्यावर.

निवडणूक आयोगाने लावली, आम्ही काय करणार, असं म्हणू नका. तारीख आयोगाची होती, सभा तुमच्या होत्या. व्यासपीठावर चढायची सक्ती आयोगाने कुणावर केली नव्हती. एका पक्षाने सभा रद्द केली असती तर दुसऱ्याला लाज वाटली असती. कुणीच केली नाही. 3,733 मतांनी निकाल लागला आणि दोन्ही बाजूंनी त्याची कारणं शोधण्यात आठवडा घालवला. सभांना आलेल्या किती जणांना नंतर खाटा मिळाल्या नाहीत, हे शोधायला कुणी आलं नाही.

आणि हे एप्रिलमध्येच झालं असंही नाही. 23 फेब्रुवारीला माघी एकादशी होती. मंदिर बंद, गावात संचारबंदी. दोनच दिवस आधी मुख्यमंत्र्यांनी राजकीय, धार्मिक, सामाजिक गर्दीवर बंदी जाहीर करून ‘मी जबाबदार’ म्हणायला सांगितलं होतं. त्याच 23 तारखेला वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवीत तुमच्या मंत्रिमंडळातले तेव्हाचे वनमंत्री संजय राठोड हजारोंच्या गर्दीत उभे होते. इथे एकादशीला माळकरी माणूस महाद्वारापर्यंत जाऊ शकत नव्हता आणि तिथे मंत्र्याच्या स्वागताला ढोल वाजत होते. त्या दिवशी जबाबदार कोण होतं?

वारकऱ्याने तुमचं ऐकलं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वाट त्याने सोडली. अडवायला पोलीस होते हे खरं, पण लाखो माणसं नुसत्या पोलिसांच्या धाकाने घरी बसत नाहीत. ऐकलं पाहिजे असं त्याला वाटलं, म्हणून तो थांबला. त्या ऐकण्याचा तुम्ही अपमान केला आहे, आणि तो आमचं दुकान बुडाल्यापेक्षा जास्त लागला आहे.

म्हणून मागतो ते लेखी द्या. एप्रिलमध्ये पंढरपूर-मंगळवेढ्यात किती सभांना परवानगी दिली, किती सभांत नियम मोडला, आणि व्यासपीठावरच्या किती नेत्यांवर गुन्हा दाखल झाला. तिन्ही आकडे जाहीर करा. तिसरा आकडा शून्य असेल तर संचारबंदीत भाजी आणायला, औषध आणायला बाहेर पडलेल्या माणसांवरचे, आदेश मोडल्याबद्दलचे 188 कलमाचे खटले मागे घ्या आणि दंडाचे पैसे परत करा. वाऱ्या बुडालेल्या छोट्या दुकानदारांना, नावाड्यांना, टांगेवाल्यांना मदत कधी देणार त्याची तारीख सांगा. कार्तिकी नोव्हेंबरात आहे. त्याच्या आत उत्तर हवं आहे.

पंढरपूरचा एक दुकानदार
जुलै 2021