बिडाचे ओझे आणि मैत्रीचा हात

नागपूरच्या लकडगंजातून जाताना ताज्या कापलेल्या सागवानाचा गंध आजही वाट अडवतो. विदर्भाच्या सागवानाची ख्याती जुनी आहे; दिल्लीतील नव्या संसद भवनासाठीही सागवान नागपूरहूनच गेले. अशा शहरात लाकूडकामाची हौस असणारी माणसे पुष्कळ असावीत, यात नवल नाही. कोणी व्यवसाय म्हणून सुतारकाम करतो, कोणी निवृत्तीनंतर घराच्या मागच्या खोलीत लहानसा कारखाना थाटतो. नवी यंत्रे परवडत नाहीत, म्हणून जुने रंधायंत्र, बँडसॉ किंवा लेथ घेण्याचे ठरते. सौदा होतो, पैसे दिले जातात आणि मग प्रश्न उभा राहतो : हे धूड घरी आणायचे कसे? उत्तर बहुधा ठरलेले असते. रविवारी सकाळी चार मित्र, शेजारचा मुलगा आणि मेहुणे यांना हाक मारायची. काम झाले की पोहे आणि चहा.

या रविवारचे पडसाद सोमवारी आम्हा डॉक्टरांच्या दवाखान्यात उमटतात. कोणाची कंबर धरलेली असते, कोणाचे बोट चेंगरलेले असते, कोणाच्या जांघेत फुगवटा आलेला असतो. म्हणून आज या विषयावर सविस्तर लिहीत आहे.

एकमेकांच्या कामाला धावून जाण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. इर्जिक आणि सावड हे शब्द त्याच रीतीतून आले. मात्र त्यात एक भेद होता. इर्जिकीला येणारा शेतकरी रोज करीत असलेलेच काम दुसऱ्याच्या शेतात करीत असे. आपल्या रविवारच्या मदतीला येणारा मित्र आठवडाभर खुर्चीत बसलेला असतो आणि दोन-तीनशे किलोच्या यंत्राला आयुष्यात प्रथमच हात लावत असतो.

वजनाचा फसवा अंदाज

जुन्या यंत्रांचे सांगाडे बिडाचे असतात. एक घनफूट भरीव बिडाचे वजन सुमारे २०० किलो भरते. त्यामुळे आकाराने टेबलाएवढे दिसणारे यंत्रही डोळ्यांना फसवते.

माणसाने किती उचलावे, याचा विचार जगभर झाला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली सशक्त प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची कमाल मर्यादा सुचवली. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या १९९१ च्या सूत्रात तर सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही २३ किलो हीच शिफारस आहे. आपल्याकडे बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने पोत्याचे वजन १०० वरून ५० किलोवर यावे, असा आग्रह धरला. ज्यांचा जन्म ओझी वाहण्यात गेला, त्यांनाही शंभर किलो असह्य होते, हे ध्यानात घ्यावे. माथाडी कामगारांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली स्वतंत्र कायदा केला. मदतीला आलेल्या मित्राला मात्र ना मुकादम, ना सराव, ना विम्याचे कवच.

‘३०० किलोचे यंत्र, सहा जण, म्हणजे प्रत्येकी ५० किलो’ हा हिशेब कागदावरच खरा. यंत्र जरा कलले की भार एका बाजूच्या दोघांवर येतो. जिन्यावर तर खालच्या पायरीवरच्या माणसांना सर्वाधिक सोसावे लागते. कोणा एकाचा हात सुटला की उरलेल्यांवरचा भार क्षणात वाढतो. मोठ्या इजा बहुधा याच क्षणी होतात.

कण्यात काय घडते

आपला कणा हा एक तरफेचा खेळ आहे. कण्यामागचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून साधारण ५ सेंटिमीटरवरून जोर लावतात. आता २० किलोची वस्तू शरीरापासून ४० सेंटिमीटर पुढे धरली, तर ती पेलण्यासाठी या स्नायूंना आठपट, म्हणजे सुमारे १६० किलोचा जोर लावावा लागतो. शिवाय वाकलेल्या धडाचे वजन वेगळेच. हीच वस्तू २० सेंटिमीटरवर आणली की वस्तूपुरता जोर निम्म्यावर येतो. ओझे पोटाशी धरावे, या जुन्या सांगण्यामागे हे गणित आहे.

वाकलेल्या स्थितीत कंबरेला पीळ देणे सर्वांत वाईट. वळायचे असेल तर पावले वळवावीत. आणखी एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधील चकत्या पाणी शोषून फुगतात. त्यामुळे उठल्यावरच्या पहिल्या तासात वाकून जड उचलणे अधिक जोखमीचे असते. अंथरुणातून उठून थेट यंत्राला हात घालू नये.

कोणाला बोलावू नये

हृदयविकाराचे रुग्ण, रक्तदाब आटोक्यात नसलेले, हर्निया असलेले, नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झालेले, कंबरदुखीचा जुना त्रास असलेले, गर्भवती स्त्रिया आणि मुले यांनी या कामात ओझ्याला हात लावू नये. श्वास रोखून जोर लावताना रक्तदाब एकाएकी चढतो. रोगी हृदयाला तो झटका महागात पडू शकतो.

अडचण वैद्यकीय नसते, भिडेची असते. चार जण जोर लावत असताना ‘मला जमणार नाही’ असे म्हणणे आपल्या पुरुषमंडळींना कमीपणाचे वाटते. ज्या मेहुण्यांच्या हृदयात स्टेंट आहे, तेच पुढे होऊन कोपरा धरतात. म्हणून विचारपूस यजमानाने आदल्या दिवशी, एकट्याला गाठून करावी. आणि अशा व्यक्तीला मानाचे काम द्यावे : वाट मोकळी ठेवणे, मुलांना दूर ठेवणे, इशारे देणे. हे कामही तितकेच मोलाचे आहे.

काम कसे करावे

पहिला नियम : उचलू नये, सरकवावे. वीजजोड तोडून मोटर, टेबल आणि पाती आधी सुटी करावीत. बरेच वजन तेथेच उतरते. मग सब्बल, पाइपचे तुकडे आणि जाड फळ्या यांच्या आधारे यंत्र इंचाइंचाने पुढे न्यावे. वर उचलणे अटळच असेल तर चेन पुली किंवा हायड्रा बोलवावी, अथवा सराईत हमालांना मजुरी द्यावी. शस्त्रक्रियेच्या बिलापुढे ती रक्कम किरकोळ असते.

दुसरा नियम : आज्ञा एकाची, पण ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाचा.

तिसरा नियम : कलंडणारे यंत्र कधीही सावरू नये. बाजूला व्हावे, पडू द्यावे. बिड तुटले तर दुसरे मिळेल. बँडसॉसारखी उंच यंत्रे वरून जड असतात. त्यांच्या उताराकडील बाजूस कोणी उभे राहू नये. वाहनातही यंत्र पट्ट्यांनी आवळावे आणि त्याच्याजवळ मागे कोणी बसू नये.

चपला नकोत, जाड तळव्याचे बंद बूट हवेत. अंगठी काढून ठेवावी. ती अडकली तर बोटाची त्वचा सोलून निघते. जुन्या यंत्रात साचलेला भुसा हवेने उडवू नये. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच नोंदले आहे. मुखपट्टी लावून ओल्या फडक्याने पुसावे.

आणि ऋतू पाहावा. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. उन्हाळ्यात हे काम पुढे ढकलणेच शहाणपणाचे. ते जमत नसेल तर सकाळीच आटोपावे, दर वीस मिनिटांनी सावलीत विसावा आणि पाणी घ्यावे. कोणी असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात समजून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि तत्काळ रुग्णालयात न्यावे.

इजा झालीच तर

साध्या कंबरदुखीत दिवसचे दिवस झोपून राहू नये. एक-दोन दिवसांत हळूहळू हिंडू-फिरू लागावे. मात्र लघवी अडणे किंवा नकळत होणे, जांघेत व बैठकीच्या भागात बधिरता, दोन्ही पायांतील शक्ती जाणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जावे. येथे उशीर झाल्यास कायमचे अपंगत्व येऊ शकते.

बोट तुटल्यास जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. भाग थेट बर्फात टाकू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. धनुर्वाताची लस घेऊन मळलेल्या जखमेच्या बाबतीत ५ वर्षे आणि स्वच्छ लहान जखमेच्या बाबतीत १० वर्षे उलटली असतील, तर पुन्हा घ्यावी. छातीत दाब किंवा घाम सुटणे यास ‘स्नायू दुखावला’ म्हणून उडवून लावू नये.

जुने यंत्र घेताना त्याच्या किमतीतच ते हलवण्याचा खर्च धरावा. तो परवडत नसेल, तर ते यंत्र आपल्याला परवडत नाही, असे समजावे. मित्रांना अवश्य बोलवावे. ओझे मात्र पाइप, पुली आणि जाणत्या हातांवर सोपवावे.