अंतर तेच, वेळ वेगळी

मुंबई ते दुबई हा प्रवास व्यापारी कुटुंबांना नवा नाही. तरीही तिकिटावरील वेळा वाचताना जाणत्यांचीही गफलत होते. तिकिटावर मुंबईहून प्रस्थान सकाळी १०.०० आणि दुबईस आगमन ११.४५ असे छापलेले असते. एखादा तरुण वजाबाकी करून पावणेदोन तासांचा प्रवास गृहीत धरतो. परतीच्या तिकिटावर प्रस्थान रात्री १०.०० आणि आगमन पहाटे २.३०, म्हणजे साडेचार तास दिसतात. एकाच मार्गावर एवढी तफावत कशी?

तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. दुबईचे घड्याळ भारतापेक्षा दीड तास मागे आहे. तो हिशेब जुळवला की जाताना सव्वातीन तास आणि येताना तीन तास लागतात, हे स्पष्ट होते.

दोन्ही विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आहे. ताशी ८५० किलोमीटर वेगाने ते सव्वादोन तासांत कापता येईल. परंतु तिकिटावरील काळात धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, वर चढणे आणि उतरणे हेही धरलेले असते. शिवाय हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून परतीला वेळ कमी लागतो.

व्यवहाराच्या दृष्टीने यापुढचा हिशेब महत्त्वाचा आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी विमानतळावर तीन तास आधी पोहोचावे लागते. उतरल्यावर पारपत्र तपासणी, सामान आणि शहरातील रस्ता यांत दीड-दोन तास सहज जातात. त्यामुळे ११.४५ ला उतरणाऱ्याने दुपारी साडेबाराची भेट ठरवू नये, अडीचची ठरवावी.

तारखेचीही काळजी घ्यावी. १५ तारखेच्या रात्री साडेबाराचे विमान म्हणजे १४ तारखेच्या रात्रीच घरातून निघणे. येथे चूक झाली तर तिकिटाचे पैसे जातातच, पण समोरच्या पेढीला दिलेला शब्दही मोडतो. पैसे पुन्हा मिळवता येतात. गेलेली पत परत मिळवायला वर्षे लागतात.

घरातील चौविहार पाळणाऱ्या ज्येष्ठांसाठी आणखी एक गोष्ट. मुंबईत सूर्य दुबईपेक्षा तास-सव्वातास आधी मावळतो. दुपारच्या विमानाने पूर्वेकडे येताना दुबईच्या सूर्यास्तावर विसंबले, तर आकाशातच अंधार पडतो आणि भोजन राहून जाते. त्यांनी निघण्यापूर्वीच भोजन उरकावे.

तिकीट हाती येताच दोन्ही वेळा भारतीय वेळेत लिहून काढाव्यात आणि तो कागद घरच्यांकडेही द्यावा. पाच मिनिटांचे काम आहे.